नामगुंग घराण्याचा वारस

दहावा महिना, तिथी ६

आज नुनगोलला पोचलो. खिंड उतरता उतरता पाय भरून आले होते, पण वेशीवर व्यापारी दोक्पाल स्वतः तट्टू घेऊन उभा होता. मी तट्टावर बसलो आणि तो लगाम धरून चिखलातून पायी चालला. दुतर्फा माणसं वाकत होती. आमच्या गावात हल्ली कुत्रंसुद्धा माझ्यावर भुंकायचे कष्ट घेत नाही.

खोली दक्षिणेची आहे. जमीन खालून अशी तापवलेली की हाडांतली थंडी निघाली. पांढरा भात, सुक्या माशाचा रस्सा, मुळ्याचं लोणचं, भाजलेल्या मांसाचे काप. दोक्पालची बायको स्वतः चौरंग घेऊन आली आणि मी जेवत असताना दाराशी बसून राहिली. म्हणाली, सरकार, किती वाळलात हो, जरा अंग धरा, आम्हालाच बरं दिसेल. बाई साधी आणि मायाळू वाटते.

दोक्पालचा धंदा सुक्या माशाचा. डोंगरावर त्याचे लाकडी मांडव आहेत. हिवाळाभर तिथे हजारो मासे टांगलेले असतात, थंडीत गोठतात, उन्हात सुटतात. पैसा रग्गड, पण कूळ नाही. म्हणून मी. पाठीवर बांधून आणलेली आमच्या नामगुंग घराण्याची वंशावळ उद्या उघडायची आणि तिच्यात याच्या बापजाद्यांना बसवायचं.

दहावा महिना, तिथी १३

काम मजेचं आहे. पाच पिढ्यांमागे दुष्काळात बेपत्ता झालेला एक धाकटा भाऊ मी निर्माण केला. त्याला कविता करता येत होत्या आणि त्याचा डावा पाय अधू होता. मला स्वतःलाच त्याचा लळा लागला. त्याच्या वंशात दोक्पालचा बाप आता पणतू म्हणून सुखानं नांदतो आहे.

थोरल्या शाखेत मी एकटाच उरलोय. बायको आणि मुलगा तापात गेले. त्यांच्या मरणाचे रकाने आधीच भरलेले होते.

पलीकडच्या खोऱ्यातला मीठवाला आज चोरून भेटून गेला. त्यालाही एक पूर्वज हवाय. बेपत्ता भाऊ दोन असायला काय हरकत आहे? बघू, असं सांगितलं.

दहावा महिना, तिथी २१

दोक्पालबरोबर दारू झाली. त्यानं वडिलांची गोष्ट सांगितली. बाजारातून येताना एका खानदानी पोरासमोर म्हातारा तट्टावरून उतरला नाही. दिसलाच नाही म्हणाला. कचेरीत त्याला खाली पाडून फटके मारले. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला. दोक्पाल तेव्हा नऊ वर्षांचा होता. बापाच्या अंगावरचं कापड सोलून काढावं लागलं, म्हणाला.

मी म्हटलं, फार वाईट झालं. मनात म्हटलं, उतरायचं होतं. जगाला काही रीत आहे.

त्यानं माझ्या पेल्यात दारू ओतली, दोन्ही हातांनी, मोठ्या अदबीनं.

अकरावा महिना, तिथी १

दोलसे आलाय. खिंड ओलांडून, बर्फातून, मी घरी विसरलेला कापूस भरलेला अंगरखा घेऊन.

दोलसे माझ्या वडिलांना आमच्या गुलाम बाईपासून झालेला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यानं मला कधी दादा म्हणायचं नाही, सरकार म्हणायचं, हे त्याला लहानपणीच शिकवलं होतं. अंगरखा देऊन अंगणातच उभा राहिला. मग चाचरत म्हणाला, वंशावळीचं काम चाललंय असं ऐकलं, सरकार. अगदी खाली, बारीक अक्षरात, दासीपुत्र म्हणून लिहिलं तरी चालेल. एक ओळ.

मी हसलो. खोटा पणतू बसवायला सोन्यासारखी जागा आहे, आणि हा खरा असून बारीक अक्षर मागतो. जागा नाही म्हणालो. तो म्हणाला, बरं. जेवायला मात्र थांबला.

अकरावा महिना, तिथी ३

दोक्पालला दोलसे खुपतोय. नामगुंगांत कुणी भाऊ बेपत्ता झाला नव्हता हे दोलसेला ठाऊक आहे, आणि उद्या दोन पेल्यांवर बोलून जाईल, असं दोक्पालचं म्हणणं. मग म्हणाला, सरकार, त्याला लिहा की. पण निपुत्रिक वारला असं लिहा. मेला म्हणून लिहिलेल्याचं कोण ऐकतं?

मी मागची तारीख घालणार होतो. तो म्हणाला, गावानं त्याला काल पाहिलंय, पुढची घाला. तोवर त्याला वर मांडवावर कामाला ठेवतो, दोन वेळचं पोटभर खाईल, मग नवे जोडे देऊन खिंडीपलीकडे लावून देतो.

मी पौर्णिमा घातली. ती अक्षरं त्या रकान्यात छान बसत होती.

अकरावा महिना, तिथी १६

दोलसे मेला. काल, पौर्णिमेला. मासे धुवायला ओढ्याच्या बर्फात भोक पाडतात, त्यात सापडला. पाय घसरला म्हणतात. मला वर नेऊन दाखवलं. चटईत गुंडाळून मांडवाखाली ठेवला होता आणि त्याच्यावर रांगेनं मासे लटकत होते, सगळ्यांची तोंडं उघडी. त्याची नखं उखडलेली होती. बर्फाची कड धरून ठेवली असणार. भोक काही फार मोठं नव्हतं.

खाली येताना दोक्पाल सावकाश म्हणाला, "सरकारांचं अक्षर आम्ही खोटं पडू द्यायचो नाही."

एक मजूर म्हणाला की शेवटी तो दादा, दादा म्हणून ओरडत होता. त्याला भाऊ होता का हो, असं त्यानं मलाच विचारलं.

नाही म्हणालो.

अकरावा महिना, तिथी २०

काम संपवून लवकर निघायला हवं. खिंड बंद आहे म्हणतात. सगळे पहिल्यासारखेच गोड वागतात, उलट जास्तच.

दोक्पालचा मुलगा चिलबोक माझ्याकडे शिकायला बसतो. सव्वीस वर्षांचा, बैलासारखे खांदे, अंगाला माशांचा वास, स्वभावानं गरीब. दोक्पालचं म्हणणं, आता खानदानी झालो तर पोराला सुतक पाळायची रीत यायला हवी. मी शिकवतो. जाडंभरडं तागाचं कापड नेसायचं, कमरेला काथ्या. बापासाठी बांबूची काठी, आईसाठी दुसऱ्या लाकडाची. रडताना आवाज पोटातून आला पाहिजे. पहिल्यांदा तो बाजारात मासे विकल्यासारखा ओरडला. मी बेंबीवर छडी टोचून सुधारलं. आज चांगला रडला. ऐकून माझेच डोळे भरले.

अकरावा महिना, तिथी २३

दोक्पालच्या बायकोनं माझं माप घेतलं. नवीन कपडे करताहेत. अंगरखा फार लांब होतोय म्हणालो, चालताना पायात येईल. तिनं तोंडातला दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, चालायचं कुठंय तुम्हाला.

चेष्टेनं म्हणाली असेल.

माझं नाव-घराणं कोरलेली ओळखपट्टी दोक्पालनं कचेरीत दाखवायला म्हणून नेली होती. अजून परत दिली नाही.

अकरावा महिना, तिथी २५

चिलबोक सराव करताना पाहिला. मागच्या अंगणात, भर दुपारी, तागाच्या कपड्यांत. हातात बांबूची काठी. मला पाहून गडबडला, वाकला आणि म्हणाला —

"बाबा."

मी वंशावळ उघडली. माझ्या नावाखाली चिलबोकचं नाव आहे. दत्तक पुत्र. अक्षर त्याचंच, मी वळण लावलेलं. थोरल्या शाखेचा पुरुष निपुत्रिक वारला तर धाकट्या शाखेतला मुलगा दत्तक देतात. मेल्यानंतरही चालतं. धाकटी शाखा मीच काढून दिली.

दोक्पालकडे गेलो. म्हटलं, जिवंतपणी दत्तक घेतो, आजच घेतो, हवी तिथे मोहर उठवतो. तो मासे मोजत होता. म्हणाला, "तुम्ही आम्हाला एक भाऊ विकलात, सरकार. मीठवाल्याला दुसरा विकायला निघालात. जिवंत माणसाचा काय भरवसा?"

माझ्या रकान्यात तारीख — २७.

अकरावा महिना, तिथी २७

सकाळी निघालो. कुणी अडवलं नाही. फाटक उघडंच होतं. रस्त्यात माणसं पांढऱ्या कपड्यांत होती आणि माझ्याकडे बघतच नव्हती.

कचेरीत गेलो. नाव सांगितलं. कारकुनानं वही पाहिली, म्हणाला, नामगुंग महाशय आज पहाटे वारले. नोंद झालीय. तू कोण?

मी घराणं सांगितलं. सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या. तो म्हणाला, ओळखपट्टी? ती त्याच्याच मेजावर होती. मी बोट दाखवलं.

मेलेल्या सज्जनाचं नाव चोरतो म्हणाले. तीस फटके. पालथा पाडून, गुलामाला मारतात तसे. मोजणारा मधेच चुकला. पुन्हा सुरुवात केली.

चिलबोकनं मला पाठीवर घरी आणलं. वाटभर हळू चालत होता, मला हिसके बसू नयेत म्हणून. कपडा सोलून काढावा लागला.

अकरावा महिना, तिथी २८

पाय माझे नाहीत. खोलीत मयतापुढे लावतात तसा आडवा पडदा लावलाय, मी त्याच्या मागे. पलीकडे धूप. अंगणात गाव जेवतंय, रश्श्याचा वास येतो. मीठवाल्याचा आवाज ओळखला. कारकून पण —

ओरडलो. जितकं ओरडता येईल तितकं. जिवंत आहे, मी जिवंत आहे —

बाहेर चमचे थांबले. मग एक म्हातारा म्हणाला, "अरे, वाढा ना, रस्सा गार होतोय."

चमचे पुन्हा —

त्याच दिवशी, संध्याकाळच्या आधी

दोक्पाल येऊन गेला. बसला नाही. नमस्कार केला — पूर्ण, कपाळ जमिनीला लावून. मयताला करतात तसे दोन. पहिल्या दिवसापासून आम्ही तुम्हाला काही कमी पडू दिलं नाही, म्हणाला. खरं आहे.

त्याला म्हटलं, दोलसेचं नाव — बारीक अक्षरात नको — नीट लिही, भाऊ म्हणून —

म्हणाला, जागा नाही.

चिलबोक आलाय. गरम पाणी, कंगवा, कात्री — मयताला न्हाऊ घालायचं सामान. डोळे लाल. खराच रडलाय, पोटातून. विचारतो, बाबा, कापलेली नखं सगळी एकाच पिशवीत घालायची ना?

मूर्खा, म्हणालो. पाच पिशव्या. हातांच्या दोन, पायांच्या दोन, केसांची एक. एवढं चुकलास तर लोक हसतील — मासेवाल्याचा पोर म्हणतील —

आधी कुठला हात? — डावा.

द्या, बाबा.

दिला. हळूच कापतोय. एकेक नख कागदावर ठेवतो. उजव्यानं लिहितोय तोवर —

झालं म्हणतो. आता म्हणतो, तो लेखणीचा हात —