न्हाऊ घालायला कुणीतरी

कुराबिल,
मंगळवार, २३ जुलै २०१९

प्रिय नोरीन,

जुलैत माझं पत्र बघून दचकली असशील. आपला व्यवहार नाताळच्या कार्डापुरता, त्यातही मी चार ओळी लिहिते आणि तू दोन खरडतेस. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल, न्यूकॅसलचा खारा वारा सोसत असेल, असं धरून चालते. इकडे ऐन हिवाळा, आणि थंडी म्हणजे हाडं फोडणारी. सकाळी गवतावर पांढरं हिव पडतं आणि त्यावरून गलाह पोपटांची टोळी नाक वर करून फिरते, सगळी जागा आपल्याच बापाची असल्यासारखी.

तुझ्याकडे एक मागणं आहे. ते शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचायची नाहीस. ओळखते ना मी तुला!

सिस्टर बर्नार्ड गेली. ईस्टरच्या जरा आधी, झोपेतच. आता आपल्या सिस्टरांच्या संघातली मी एकटी उरले. ‘आपल्या’ लिहिलं बघ. तू सोडून गेलीस त्याला जन्म लोटला, पण हात अजून तसाच वळतो.

तिला मीच न्हाऊ घातलं. आठवतो ना आपला रिवाज? ज्या एका वर्षी व्रत घेतात त्यांनीच एकमेकींना शेवटची आंघोळ घालायची, परका हात लागू द्यायचा नाही. तिच्या वर्षाची कुणी राहिली नव्हती, म्हणून मी. आता इथल्या वृद्धाश्रमाचा नियम वेगळा आहे. कुणी गेलं की अंत्यविधीवाल्यांना फोन करायचा, ते येतात आणि झाकून घेऊन जातात. पण सेला दारात उभी राहिली. सेला म्हणजे आमच्याकडे काम करणारी टोंगा बेटांवरची बाई, दाराएवढी रुंद आणि जिभेला हाड नाही. सुपरवायझर आली आणि म्हणाली, “आत काय चाललंय?”

“प्रार्थना.”

“मग पाण्याचा आवाज कसला?”

“कॅथलिक लोक पाण्याशिवाय काही करतात का?” सेला म्हणाली. आणि ही स्वतः मेथडिस्ट पंथाची!

मला हसू आलं, पण बर्नार्डला कुशीवर वळवायला अंगात जोर नव्हता. शेवटी तिलाच म्हटलं, “जरा मदत कर की गं.” सवयीनं बोलले. मग तिथेच खुर्चीत बसून रडले. पाणी पार गार झालं, पुन्हा तापवावं लागलं.

असो. तुला बाकीची बातमी देते. तुझ्या वेळी काय होतं आपल्याकडे? बंद पडलेल्या हॉटेलात सहा खाटा, आणि दारूच्या फळीवर औषधांच्या बाटल्या. तू आणि मी चादरी उकळायचो, हात सोलून निघायचे, आणि मदर फिनबार म्हणायची, “देवाच्या घरी नखं तपासत नाहीत.” मेंढपाळ बिल भागवायला मेंढी आणून फाटकाला बांधून जायचे. आता त्याचंच ‘गोबनेट केअर’ हे केवढं प्रस्थ झालंय तुला सांगू! तीन इस्पितळं, गावोगावी वृद्धाश्रम, सिडनीला काचेची कचेरी. त्या कचेरीत एक विभाग असा आहे की सिस्टरांची मूळ भावना जपणं एवढंच त्याचं काम. त्यांना पगार मिळतो त्याचा.

मी रडगाणं गात नाही हं. म्हाताऱ्यांना ऊबदार खोल्या आहेत, हाकेसरशी नर्स येते. हेच मागत होतो ना आपण देवाकडे गुडघे टेकून? मिळाल्यावर तोंड वाकडं कशाला करायचं! फक्त एवढंच, की पोरगं वाढवलं, कर्तंसवरतं झालं, आणि आता आई कोणत्या खोलीत असते हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागतं.

त्यावरून आठवलं, एक गंमत ऐक. जूनमध्ये इथल्या नव्या विभागाचं उद्घाटन झालं. इमारतीला सिस्टरचं नाव द्यायचं ते ती गेल्यावरच, जिवंतपणी दिलं तर गर्व होतो, ही पद्धत मदर फिनबारचीच. ती त्यांनी इमानानं पाळली आहे. फिनबार भवन झालं, सिस्टर मालाची विभाग झाला. तर बिशप आले, बॅगपाइप वाजले, केकचे तुकडे वाटले. मी मागच्या रांगेत, सेलाच्या शेजारी. सिडनीहून डॅरेन नावाचा साहेब आला होता, त्या मूळ भावनेच्या विभागाचा. त्यानं दोरी ओढली, पडदा सरकला आणि पाटी दिसली: ‘सिस्टर कोलमन विभाग. त्यांच्या पवित्र स्मृतीस.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या गं! टाळी वाजवता वाजवता वाचलं, माझंच नाव.

“अगं बाई, ही बसलीये की इथं!” सेला एवढ्यानं ओरडली की बॅगपाइपवाल्याच्या पिशवीतली हवा गेली. बिशपांना खोकला आला. डॅरेन पांढराफटक. माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सिस्टर, माफ करा, आम्हाला वाटलं सगळ्याच…”

मी म्हटलं, “घाई केलीस बाळा, पण फार नाही.”

लोक पोट धरून हसले. मीही हसले, केक खाल्ला, त्याच्या बायकोची, मुलांची चौकशी केली. खोलीत आले आणि दार लावलं. मग बूटसुद्धा न काढता पलंगावर बसून राहिले. तो काही वाईट माणूस नाही, नोरीन. त्यानं कागद पाहिले असतील, माझं वय पाहिलं असेल, आणि हिशेब केला असेल. पण एकानंही फोन करून विचारलं नाही, की ती बाई अजून आहे का. त्यादिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नव्हे. त्याची सवय आहे, किती जणींचे हात धरलेत. भीती वाटली ती अशी, की मी गेल्यावर ही मी होते हे ओळखणारं कुणी खोलीत नसेल.

पाटी त्यांनी बदलतो म्हटलं. मी म्हटलं, राहू दे. आणि राहू दे म्हटलं त्याचं कारण आहे. डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलंय. यकृत. शस्त्रक्रिया वगैरे काही नको म्हणाले, या वयात कापाकापी कशाला. सप्टेंबरात वॅटलची पिवळी फुलं बघाल म्हणाले, नाताळचं विचारलं तर खिडकीबाहेर पाहायला लागले. सेलाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि आता तुला.

तर मागणं. आपल्या वर्षाच्या नऊजणी होतो. आता तू आणि मी. तू संघात नाहीस, लग्न केलंस, मुलं झाली, ते सगळं खरं. पण व्रत आपण एकाच सकाळी, एकाच सतरंजीवर पालथं पडून घेतलं होतं, आणि ते वर्ष कुणाला पुसता येत नाही. माझं झालं की सेला तुला फोन करील. तुला जमलं तर ये. पाणी कोमट घ्यायचं, त्यात लव्हेंडरचे थेंब टाकायचे. कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात सगळं काढून ठेवलंय. डावा खांदा दुखरा आहे, तो सावकाश वळव. वेडी मी, तेव्हा काय दुखणार आहे!

जमणार नसेल तर मनाला लावून घेऊ नकोस. नाही म्हणालीस तरी प्रार्थनेत तुझं नाव असतंच.

तुझ्या वर्षाची,
कोलमन

*

न्यूकॅसल,
सोमवार, २९ जुलै

कोलमन,

‘प्रिय’ नंतर म्हणीन, आधी भांडू दे.

तू मेल्यावर मी काय करायचं ते सगळं लिहिलंस. पाणी कसं, कपडे कुठे, खांदा कोणता. जिवंत आहेस तोवर ‘ये’ असं लिहायला काय हात मोडला होता? मे महिन्यापासून एकटी बसलीस हे मनात घेऊन. शाबास! मदर फिनबारनं चांगलं शिकवलं तुला.

आणि मी सोडून गेले म्हणतेस. अगं, मी संघ सोडला. तुला कधी सोडलं होतं? त्या पहाटे मला बाजूच्या दारानं बाहेर काढलं, सकाळची मिस्साची प्रार्थना सुरू व्हायच्या आत. कुणाशी बोलायचं नाही अशी ताकीद होती. कपडे धुवायच्या खोलीच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला, तेव्हा कळलं तू आत आहेस. गाडी सुटेपर्यंत मी त्या धुराकडे बघत होते, आणि तुला हाक मारायची माझी हिंमत झाली नाही. तुझा निरोप घ्यायचा तेव्हाच राहिला. आता तू मला पुन्हा निरोपालाच बोलावतेस? नाही जमायचं.

मी गुरुवारच्या बसनं येतेय. मुलगी म्हणते, आई, तुला नीट चालता येत नाही. मी म्हटलं, बसला चाकं आहेत. तुझ्या त्या सेलाला सांग, पायरी उतरताना मला धरायला ये. आणि पलंग एकच असेल तर मी भिंतीकडे झोपणार.

रिवाज पाळू, पळून जात नाही मी. जेव्हा वेळ येईल तेव्हा माझेच हात असतील, हा शब्द. पण आधी शुक्रवारी सकाळी तुला न्हाऊ घालीन, चांगल्या कढत पाण्यानं. तू ओरडशील, नोरीन, भाजतंय, आणि मी मुळीच ऐकणार नाही.

येतेच, प्रिय कोलमन.

नोरीन