तारखेखालची दोन टिंबे

नाशिक, ६ जानेवारी २०२५

चि. किशोर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझी लेक स्नेहल येऊन गेली. चहा घेताना तिच्या तोंडून निसटले की, नोव्हेंबरात तुझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले. तेही नाशकात, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. आता प्रकृती उत्तम आहे, असे ती म्हणाली. म्हणून मी आधी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मगच रागावले. हा क्रम ध्यानात घे. सख्ख्या बहिणीला का कळवले नाहीस, याचे सरळ उत्तर लेखी हवे. फोनवर तू विनोद करून निसटतोस.

फेब्रुवारीत वाचनालयात माझे व्याख्यान आहे: हेरगिरीच्या इतिहासातल्या गमती. प्राचीन काळी एका ग्रीक शासकाने गुलामाचे डोके भादरून त्यावर निरोप गोंदवला आणि केस वाढल्यावर त्याला रवाना केले. ही शिस्त मला पसंत आहे. उलट, अमेरिकी हेरखात्याने मांजराच्या अंगात मायक्रोफोन बसवला. मांजराकडून आज्ञापालनाची अपेक्षा करणाऱ्यांना काय म्हणावे! शेवटी कांद्याच्या रसाच्या अदृश्य लेखनाचे प्रात्यक्षिक करीन. आपले लहानपण तुला आठवेलच.

पथ्य पाळ, आणि उत्तर टाळू नकोस.

तुझी ताई,
संध्या

मनमाड, ११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरळ मागितलेस, सरळ देतो. १९७७ साली वसतिगृहातून मी तुला कांद्याच्या रसाने लिहिले होते की, परीक्षा सोडून नाटक कंपनीबरोबर नागपूरला निघणार आहे. ही गोष्ट तुझ्याखेरीज कोणालाच सांगितली नव्हती. पंधरा दिवसांनी आप्पा वसतिगृहाच्या दारात उभे! तिथून थेट रेल्वेची भरती. त्यांना कसे कळले, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही.

नाटक हुकल्याचे दुःख नाही. माझा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नसे. पण तुला ‘फितूर’ म्हणत आलो, ती निव्वळ थट्टा नव्हती. आतले काही तुला सांगायचे म्हटले की माझा हात थांबतो. ऑपरेशनच्या वेळीही थांबला.

व्याख्यानात फितुरांची यादी असेल, तर मला पुढची खुर्ची राखून ठेव.

तुझा,
किशोर

नाशिक, १६ जानेवारी

चि. किशोर यास आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले आणि उत्तराचे दोन कागद फाडले. नागपूरचा तो मजकूर मी कधीही वाचलेला नाही.

आपला नियम आठव. आत गुप्त मजकूर असेल, तर तारखेखाली दोन टिंबे. टिंबे दिसली की मी पत्र विस्तवावर धरून वाचायची आणि चुलीत टाकायची. टिंबे नसलेले पत्र सगळ्यांनी वाचून झाले की स्वयंपाकघरातल्या तारेला टोचले जाई. घरात गॅस आल्यावर ती तार मीच पत्रांसकट ट्रंकेत ठेवली; ट्रंक तुझ्याच माळ्यावर आहे.

ती उघड. पुराव्यावाचून मी विद्यार्थ्यांचे निष्कर्ष कधी मान्य केले नाहीत. भावाचेही करणार नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षे तू मला तसे समजत होतास, हे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही.

शिडीवर तू स्वतः चढू नकोस.

संध्या

मनमाड, २२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्नेहलने ट्रंक उतरवली. आप्पा दर महिनाअखेरीस तार उतरवून पत्रे तारखेनुसार लावत. तो क्रम अजून तसाच आहे. १९ फेब्रुवारीचे माझे पत्र सापडले. मधोमध तारेचे भोक, काजळलेल्या कडा, आणि ‘अभ्यास उत्तम चालला आहे’ या ओळीखाली तपकिरी अक्षरांत नागपूरचा सगळा बेत. तारखेखाली टिंबे नाहीत. द्यायला मीच विसरलो होतो.

ताई, तार चुलीच्या बरोबर वर होती. रोजच्या धगीने मजकूर आपोआप उमटला. आप्पांनी पत्रे लावताना तो वाचला, आणि पत्र पुन्हा तारखेच्या जागी ओवून ठेवले!

आधी खूप हसलो, मग लाज वाटली. दोन स्टेंटनी जे मोकळे झाले नव्हते, ते आज झाले. मला क्षमा कर.

तुझा अपराधी,
किशोर

नाशिक, २७ जानेवारी २०२५
. .

चि. किशोर यास अनेक आशीर्वाद.

क्षमा केली. मात्र स्वतःची खूण विसरणाऱ्या हेराचा क्रमांक माझ्या व्याख्यानात त्या मांजराच्याही खाली लागेल. ते पत्र घेऊन ये. प्रात्यक्षिकाला त्याहून चांगला नमुना मिळणार नाही. आज दोन्ही वेळा पोटभर जेवले.

तारखेखाली नीट पाहा. इस्त्री मध्यम ठेव.

संध्या

मनमाड, १ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इस्त्री फिरवली. एकच ओळ उमटली: तू दुरावल्याचे मला कळत होते, पण अभिमानापायी विचारले नाही, चूक माझीही आहे.

आपली चूक तू लिहून मान्य केल्याचा हा पहिलाच पुरावा. तारेला टोचणार नाही. खिशात ठेवला आहे, डाव्या बाजूला.

दहा तारखेला, सोमवारी, तपासणीला नाशकात येतो. आधी तुझ्याकडे उतरेन आणि चार दिवस राहीन. सगळे रिपोर्ट आणतो, तूच उघड. तोवर माया आहे तशी राहू दे.

तुझा,
किशोर