घरी, चाळीस थेंब

ता. ६ डिसेंबर १९५४

मी, गुणवंतराव वल्द सखाराम बोरकुटे, वय वर्षे एकाहत्तर, मराठी चौथी इयत्ता पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण, जंगल खात्याचा निवृत्त नाकेदार, हल्ली मुक्काम आरमोरीनजीक स्वतःचे घरी, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की, आज गावच्या दवाखान्यात पंच म्हणून मला पाचारण झाले. योग्यच झाले! न अडखळता सही करणारा येथे दुसरा आहे कोण?

प्रकरण असे. कुंता नर्सने दवाखान्यातील अफूचा अर्क स्वतः प्राशन केला, असा तिच्यावर आरोप आहे. नागपूरहून नोंदणी मंडळाचे साहेब आले आहेत. आरोप शाबीत झाल्यास तिचे नाव पटावरून कायमचे कमी होईल. पुढे कोठेही नर्स म्हणून काम करता येणार नाही. पुरावा नोंदवहीतच आहे. अर्क कोणास दिला, त्या रकान्यात रोग्याचे नाव हवे. तिने जवळजवळ वर्षभर, रोज, एकच शब्द लिहिला आहे — 'घरी'. घरी, चाळीस थेंब. घरी, अडतीस थेंब. साहेब म्हणाले, "घरी म्हणजे हिच्याच घरी." तर्क बिनतोड वाटला.

अफूविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे. तीस वर्षे मी ती सरकारी परवान्यावर घेतली, आणि गेल्या संक्रांतीला तहसीलदारांच्या समक्ष परवाना परत करून एका दिवसात सोडली. केवळ मनोनिग्रह! शाळेत त्यावर माझे व्याख्यान झाले.

ता. ७ डिसेंबर

माझी जबानी झाली. विचारले तेवढेच सांगितले: नर्स रोज सायंकाळी पिशवीत कुपी घालून दवाखान्यातून निघते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

पाहणारच! ती माझ्याच ओसरीवर येते, गुडघ्याची कडू दवा देण्यास. ते सांगण्याचे प्रयोजन नव्हते. पहिल्याच दिवशी मी तिला बजावले होते — माझे नाव तुमच्या वहीत चढता कामा नये. मी रोगी नव्हे.

साहेबांनी तिला विचारले, "घरी म्हणजे कोणाच्या घरी?" ती माझ्याकडे पाहू लागली. "बाबाजी, सांगू काय?" मी खडसावले, मला यात ओढू नका! "बरं," म्हणाली.

दुसरा पंच लटारू. तलावावर मासे धरतो, अंगठा उठवतो. न विचारता बोलला: "साहेब, माह्या बायकोच्या बाळंतपनात हे बाई दोन दिवस बुडाखाली पाट नाई घेतली जी. अफू खानारं माणूस असं उभं राह्यते काय?" आणि माझ्याकडे पाहून खाकरला. असभ्य मनुष्य.

पंचनाम्यात साहेबांनी 'परिचारीका' लिहिले होते. री ऱ्हस्व करवून घेतली. मगच सही केली.

ता. ८ डिसेंबर

नर्सला कामावरून दूर केले. सायंकाळी दवा आली नाही. कळविण्याचे सौजन्यही नाही!

ता. ९ डिसेंबर

सर्दी. जांभया — दुपारपर्यंत एकतीस. थंडीचा जोर.

ता. १० डिसेंबर

पिंढऱ्या पिळवटून निघतात. पोट ठिकाणावर नाही. डोळ्यांतून पाणी. ताट परत पाठविले. सूनबाई सुगंधाबाई पेज घेऊन आली व दारातच उभी राहिली.

"बाबाजी, बाबुलाल कंपौंडरपासून थे दवा आणू काय?"

गुडघ्याच्या दवेचा पोटाशी संबंध काय, असे मी विचारले. तिने पदर तोंडाला लावला. हसत होती!

"गुडघ्याची कुठची जी? अफू होती थे तुमची."

"अफू मी सोडली!"

"तुम्ही कागद सोडला, बाबाजी. अफू तं नर्सबाई सोडवून राह्यली होती, थेंबाथेंबानं. तुम्ही शाळेत भाषण देल्लं तवा थे मांगं बसून टाळ्या वाजवत होती. मले मालूम हाय, बाबुलालले मालूम हाय, लटारूले भी हाय. तुमचा मान राहाव म्हणून सारे चूप बसलो."

"मग तिने साहेबांस का सांगितले नाही?"

"तुमीच तं म्हटलं, मले ओढू नका म्हणून."

सूनबाईस दारातून चालते होण्यास फर्माविले. पेज मात्र घेतली.

ता. ११ डिसेंबर

पंच या नात्याने नोंदवहीची नक्कल माझ्याजवळ आहे. चष्मा लावून वाचली. परवाना मी परत केला १४ जानेवारीस. 'घरी' सुरू झाले १५ जानेवारीस. शिवरात्रीला मी तीन दिवस मार्कंड्याच्या यात्रेस होतो. त्या तारखांना 'घरी' नाही. तेथे आहे — 'बरोबर दिली, तीन दिवसांची.' ती लहान शिशी मला आठवते. मंदिराच्या आवारात चारचौघांस मनोनिग्रह समजावून सांगता सांगता मी तिच्यातील दवा घेतली होती.

चाळीस. अडतीस. पस्तीस. दिवाळीला वीस. शेवटची नोंद पंधरा. मी नाक्यावर चोवीस वर्षे चोर पाहिले. दरमहा कमी चोरणारा चोर एकही पाहिला नाही.

ता. १२ डिसेंबर

साहेबांस पत्र लिहिले: 'सदरहू अर्क कोणा एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या घरी...' शुद्धलेखन निर्दोष. फाडले.

ता. १३ डिसेंबर

साहेब उद्या नागपूरला परतणार. त्यांच्याबरोबर पंचनामा, खाली माझी सही. अक्षर सुरेख आले आहे.

कुंता नर्स सामानाची पेटी बांधते आहे, असे सूनबाई भिंतीस सांगत होती. मोठ्याने.

ता. १४ डिसेंबर

दुसरी जबानी, साहेबांच्या समक्ष, माझ्याच हस्ताक्षरात. नाव गुणवंतराव वल्द सखाराम बोरकुटे. वय एकाहत्तर. दर्जा — रोगी. 'घरी' म्हणजे माझ्या घरी. पहिली जबानी खोटी नव्हती. अपुरी होती, व ती मी जाणून अपुरी ठेवली.

साहेबांनी पंचनामा रद्द केला, नर्सला कामावर रुजू करून घेतले. वही उघडली, त्या रकान्यात प्रथमच माझे नाव चढले. ऱ्हस्व-दीर्घ तपासले नाही.

हजर: लटारू, निशाणी अंगठा. बाबुलाल कंपौंडर. सूनबाई सुगंधाबाई. आणि कुंताबाई — आजचे थेंब त्यांनीच मोजले. चौदा.