ठोकून पारखलेला कॉम्प्युटर

७ एप्रिल, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. धंद्याच्या माणसाला शिस्त पाहिजे.
चंचलची बी.एड.ची एन्ट्रन्स जूनमध्ये, तीही कॉम्प्युटरवर. मागच्या वर्षी पोरीचा अर्धा वेळ माउस सांभाळण्यात गेला आणि पेपर अर्धाच राहिला. तेव्हाच मी शब्द दिला होता, घरी कॉम्प्युटर आणतो. यंदाही हुकलं तर शिक्षण बंद, स्थळं बघायची. हे मीच ठरवलंय. बापाला कठोर व्हावं लागतं.
रंजीता म्हणते, नवाच आणा. बायकोला धंदा कळत नाही. इचोड्याला हायवेवर इतकी वर्षं जुने टायर विकतोय. नव्या मालाला नुसती चमक असते, जुन्याला अनुभव असतो.

९ एप्रिल, दुपार
दुकानात बसवत नाही. गिऱ्हाईक सोडून दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. कॉम्प्युटर पारखायची पद्धत ठरवली. टायरचीच. ठोकायचा, आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, उचलून बघायचा. हलका तो फसवा.

१३ एप्रिल, रविवार
आदिलाबादला अमरच्या दुकानात गेलो. जुने कॉम्प्युटर विकतो. एकेक ठोकून पाहिला. अमर बघतच राहिला. त्याने एक चपटा दाखवला, म्हणे काका, चार-पाच वर्षांचाच आहे, पोरीच्या कामाचा आहे. उचलला तर रिकाम्या डब्याइतका हलका. ठेवून दिला.
मग दारापाशी तो दिसला. पेटीएवढा सीपीयू, मागे कुबड असलेला मॉनिटर. ठोकला तर भरीव आवाज. अमर म्हणे, तो नका घेऊ, दार वाऱ्यानं आपटते म्हणून ठेवला. लगेच ओळखलं. दुकानदार ज्या मालाला नाही म्हणतो तो त्याला स्वतःला पाहिजे असतो. मीही तेच करतो.
घेतला. अमर हसत होता. मनातून जळत असणार.

१५ एप्रिल
परवा येताना बसमध्ये कंडक्टरने मॉनिटरचं वेगळं तिकीट फाडलं होतं. मालाला मान आहे.
सुरू व्हायला वेळ लागतो. इंजिन तापावंच लागतं. मिक्सर आणि हा एकत्र चालत नाहीत. रंजीताला चटणी पाट्यावर वाटायला सांगितलं. चव सुधारेल.

२२ एप्रिल
सरावाची टेस्ट उघडत नाही. नुसता पांढरा पडदा. चंचल म्हणे, बाबा, साइटच नाही घेऊन राह्यला हा. दोष नेटचा आहे, तिला समजावलं. माउसची गोळी काढून पुसली. तोवर त्यावर पत्ते खेळ म्हटलं, हात तर बसेल.
उद्यापासून मी स्वतः शेजारी बसणार.

२३ एप्रिल
बसलो. दहा मिनिटांत उठलो. पाठ धरली.

४ मे, रविवार
चंचल आता दर शनिवारी आदिलाबादला मनकर्णाकडे जाते. मनकर्णा म्हणजे रंजीताची बहीण. रंजीता म्हणते, पोरगी शिवण शिकून राह्यली. परीक्षा तोंडावर आणि शिवण. बरं, अजून एक रुमालसुद्धा शिवून आणलेला नाही. पण जाऊ देतो. पोरीचं डोकं मोकळं राहिलं पाहिजे.
टेस्ट अजून उघडत नाही. नेटवाल्यांना तीनदा फोन केला.

१७ मे
ऊन फार. कॉम्प्युटर तापून बंद पडतो. कूलर त्याच्याकडे वळवला. रंजीता म्हणे, याले वारा अन् आमाले घाम काऊन? त्याच्याकडून उरलेला वारा मी घेतो.
मनाला चैन नाही. घरात फेऱ्या घालतो. पोरगी नापास झाली तर काय करू, हे कुणाला विचारताही येत नाही.

६ जून, शुक्रवार
परीक्षा झाली. सेंटरच्या गेटबाहेर मी इतक्या चकरा मारल्या की वॉचमनने हटकलं. चंचल हसत आली. सगळे प्रश्न झाले म्हणे, वेळही उरला. मी म्हटलं, बघ, पत्ते कामी आले. तिने सरळ बसची वाट धरली. थकली असेल.

२८ जून
चांगला रँक आला. गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या वामनरावांना सांगितलं, ही सगळी जुन्या मालाची करामत. दुकानावर नवीन बोर्ड लावायचा: इथे कॉम्प्युटर पारखून मिळतील.

१९ जुलै, शनिवार
चंचलला होस्टेलवर सोडायचा दिवस. कॉम्प्युटरही सोबत द्यायचा म्हणून ओळखीचा ट्रक ठरवला होता. मॉनिटरला दोरी बांधत होतो. चंचलने माझा हात धरला. म्हणे, बाबा, राहू द्या. यावर एकबी टेस्ट उघडली नाही. मावशीच्या लॅपटॉपवर केला मी सराव, शनिवारी-शनिवारी. तुमाले वाईट वाटन म्हणून आईनं शिवणाचं सांगितलं.
मी दोरी सोडत बसलो. गाठ पक्की मारली होती.
वाईट वाटलंच. कॉम्प्युटरचं नाही. शब्द मी दिला होता, पाळला मनकर्णाने. आणि घरातल्या दोघी तीन महिने मला जपत होत्या, घामाघूम होऊन.

२० जुलै
भंगारवाला आला होता. त्याने सीपीयू ठोकला, उचलला, म्हणे शेठ, माल वजनदार है. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी सहमत झालं. मग त्याने तो तराजूवर ठेवला.
बोर्डाचं रद्द.
कूलर रंजीताकडे वळवला आहे. उद्या आदिलाबादला जाऊन मनकर्णासाठी साडी घ्यायची. निवडायला रंजीताला सोबत नेतो.