सिंकमध्ये ओतलेल्या जेलबद्दल वहिनीस

तीर्थस्वरूप वहिनी,

वाकून नमस्कार. (खरं तर या वेळी लोटांगणच घालायला हवं, का ते पुढे येईलच.) गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर तू इकडे राहायला येणार म्हणून खोली आवरून ठेवली आहे. फक्त एक गोष्ट जिन्यात तुझ्या कानावर पडण्यापूर्वी मीच सांगते.

ह्यांच्या इंजेक्शनांबरोबर दर महिन्याला बर्फाच्या पिशव्या येतात, आत निळं जेल असलेल्या. टाकवत नाहीत, म्हणून फ्रीझरमध्ये साठवत गेले. (मागच्या खेपेस मटार शोधताना तुझ्या पायावर पडली ती त्यातलीच.) त्यांचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पिशवी कापून जेल कचऱ्याच्या डब्यात टाकावं, प्लास्टिक धुऊन वेगळं ठेवावं, सिंकमध्ये जेल कधीही ओतू नये, असा तक्ता आमच्या जिन्यात आहे. तो मीच लिहिलाय, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात, शेवटची ओळ लाल शाईने अधोरेखित करून.

पण बारा पिशव्यांचं जेल डब्यात मावेना. म्हटलं, थोडं सिंकमध्ये गेलं तर कोण पाहतंय? ते जागचं हलेना म्हणून गरम पाणी ओतलं. वहिनी, ते पाणी पिऊन फुगतं गं. मी ओतत गेले, ते बाळसं धरत गेलं आणि शेवटी खालच्या मुख्याध्यापिका बाईंच्या सिंकमधून वर आलं.

प्लंबरने बादलीभर उपसलं आणि बाईंच्या देखत विचारलं, "मावशी, हे ओतलं कोणी?" शाळेत सिस्टर सांगायच्या, चूक झाली की आपणहून हात वर करावा. माझा हात वर गेलाही, पण केस सारखे करून खाली आला. आणि तोंडातून निघालं, "आमच्या वहिनी आल्या होत्या ना मागे. त्यांना सवय नाही."

जिने रोज सकाळी माझ्या युनिफॉर्मच्या चुण्यांना इस्त्री केली, तिलाच मी पुढे केलं. आता सगळा जिना माझी कीव करतो. तक्त्याखाली कुणीतरी लिहिलंय, 'पाहुण्यांनीही वाचावे.' उद्या खाली जाऊन खरं काय ते सांगणार आहे, हा माझा शब्द.

तुझी शरमिंदी,
धाकटी नणंद

ता. क. : उरलेल्या पिशव्या पुसून तुझ्या गुडघ्यासाठी ठेवल्या आहेत. कापडात गुंडाळूनच शेकायचं.

ता. क. २ : पत्र टाकण्याआधी खाली जाऊन आले. बाई मायेने म्हणाल्या, "किती सोसता हो तुम्ही." मग बोलणं राहूनच गेलं. तू आलीस की त्या तुला सिंकबद्दल चार शब्द सांगणार आहेत. टिपणं काढून तयार आहेत. तुला उभं राहावं लागू नये म्हणून खुर्चीचं मी सांगून ठेवलंय. तू फक्त 'पुन्हा नाही होणार' एवढं म्हण.