हातचं राखून

प्रिय दादा,

फोनवर तू विचारतोस आणि मी ठरलेलं उत्तर देते, म्हणून आज कागद घेतला. कंट्रोल रूमच्या बाहेर, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. अक्षर बघून नाक मुरडू नकोस.

माझं काम म्हणजे विजेची बेरीज-वजाबाकी, असं तू लोकांना सांगून मोकळा होतोस. तसं ते आहेच. आपल्या भागातून पलीकडच्या भागाला उद्या किती वीज पाठवता येईल, तो आकडा रोज बारापर्यंत द्यायचा. चार मोठ्या लाइन आहेत म्हणून चारींची बेरीज करायची नसते. सगळ्यात मोठी लाइन ऐन वेळी पडली असं धरायचं, उरलेल्या तिघींना पेलेल तेवढंच मोजायचं आणि त्यातूनही थोडं हातचं राखायचं. पंधरा वर्षं हे कधी चुकलं नाही.

मंगळवारी मात्र दुरुस्तीसाठी बंद असलेली लाइन मी चालू धरली. आकडा बाहेर जायच्या आत साहेबांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. ते रागावले नाहीत, घरी सगळं ठीक ना, एवढंच विचारलं. मला चारचौघांत रडू आलं. फार लाज वाटली.

बाबा तसेच आहेत. डावी बाजू हलत नाही, जीभ मात्र तल्लख. माझ्या हाताला चव नाही पण जेवण वेळेवर मिळतं, असं परवा शेजारच्या काकूंना सांगत होते. काकू दिवसभर लक्ष ठेवतात. सकाळी खुर्चीत बसवणं आणि संध्याकाळी पलंगावर घेणं माझ्याकडे.

त्या मंगळवारी सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन आता टळत नाही. वीस तारीख दिली आहे. पुढे तीन महिने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. सहा वर्षं तू दर रविवारी विचारलंस, जमतंय ना, आणि मी जमतंय म्हटलं. तुझा दोष नाही, आकडा मीच फुगवून दिला. आपल्या घरात लाइन एकच, आणि ती कधी पडणारच नाही असं मी धरून चालले. ऑफिसात असा हिशेब कुणी केला असता तर मी त्याला उभं केलं नसतं. दादा, मी थकले आहे. वीसच्या आधी ये, परतीचं तिकीट न काढता ये. आणि दारात मला बघून विचारलंस, आणि मी जमतंय म्हणाले, तर ऐकू नकोस.

तुझीच,
बुटकी