एफुआच्या वाटचं उत्तर

३ जून, मंगळवार
एफुआ लंडनला आली. पाच महिने स्क्रीनवर खांद्यापर्यंतच बघत होते. प्रत्यक्षात माझ्याहून वीतभर उंच. ऑफिसच्या मेंटरिंग प्रोग्रॅममधल्या बारा जणींपैकी ही माझी मेंटी, म्हणजे हिला मार्गदर्शन मी करायचं; महिनाभर आमच्याकडेच राहील. मला 'आंटी' म्हणते. घानात मोठ्या बाईला तसंच म्हणतात म्हणे. मग काय, लगेच पोहे केले.
सगळ्यांच्या कामाचा डेमो तेराला. त्यातून पॅनेल एकीला निवडणार, तिकडे घानात, आक्राला, नवी AI टीम उभी करायला. टीम लीड. एफुआ एकोणतीस वर्षांची. मी लीड झाले तेव्हा बेचाळीसची होते.

५ जून
तिचं काम नीट बघितलं. गरोदर बायका फोनवर त्यांच्या भाषेत निरोप ठेवतात, मॉडेल ऐकतं, धोका वाटला तर नर्सला कळवतं. दोन वर्षं दवाखान्यांत बसून हिने स्वतः आवाज गोळा केलेत. एक फोल्डर कळलं नाही, नुसती वाक्यंच्या वाक्यं. ती सांगायला लागली आणि ऑफिसचा कॉल आला. "नंतर बघू." राहिलंच.

९ जून
रिहर्सल. प्रश्न विचारला की गप्प होते, मग बोलते. म्हटलं, इकडे असं थांबलीस तर लोकांना वाटतं येत नाही. "आंटी, मी विचार करत असते." हो गं, पण.
मी इथे आले तेव्हा आरशासमोर उभी राहून 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे म्हणायची. ते तिला सांगितलं नाही.

१३ जून, शुक्रवार
सुंदर बोलली. मग पॅनेलमधल्या एका गृहस्थांनी विचारलं: असला त्रास बायका सरळ कुठे सांगतात? तुमचं मॉडेल काय करतं मग?
एफुआ थांबली. किती, पाच सेकंद? मला ते सोसेना. माइक घेतला मी. "डेटा वाढला की मॉडेल शिकेल." माना डोलल्या. पुढचे दोन्ही प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून विचारले आणि मी दिली उत्तरं. ती बाजूला उभी, हात पुढे बांधून.
परतताना जुबिली लाइनच्या ट्यूबमध्ये वेम्बली पार्क आलं. मग म्हणाली, "त्याचं उत्तर माझ्याकडे होतं." ते फोल्डर. एका बाईने तीनदा फोन करून एवढंच सांगितलं होतं, आज विहिरीवर गेले नाही. रक्त जात होतं तिचं. ती वारली. तेव्हापासून एफुआ अशी वाक्यं लिहून ठेवते, सातशेच्या वर आहेत, आणि मॉडेलला तीच शिकवलीत.
माझी आई जन्मभर पाळीला 'बाजूला बसले' म्हणत आली. मला तरी कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

१६ जून
शॉर्टलिस्ट आली. तिघी. एफुआ नाही. शेरा: 'तांत्रिक बाजू उत्तम. बायका आडून-आडून सांगतात, याचा विचार केलेला नाही. लीड होण्याआधी मार्गदर्शनाची गरज.' खाली एक ओळ, मेंटरने फार छान सांभाळून घेतलं.
ऑफिसात मॅनेजरने ती ओळ सगळ्यांसमोर वाचली. मी थँक्यू म्हणाले.
थँक्यू म्हणाले मी.

१७ जून
समीर म्हणाला, "अगं, तू मदतच करत होतीस ना?" बरं वाटलं. नवऱ्याचं ऐकून इतकं बरं वाटतंय म्हणजेच काहीतरी चुकलंय. इरा सोफ्यावर, फोनमधून मान वर न करता: "मदत नाही, आई. तू तिचं टर्न घेतला." पंधरा वर्षांची पोर. मी तिचं व्याकरण सुधारलं. टर्न कसला सुधारणार.

१८ जून
पॅनेलला मेल. चार ड्राफ्ट झाले. चारहीत मीच चांगली दिसतेय. 'वेळेअभावी', 'उत्साहाच्या भरात'. पाठवला नाही.

२० जून
आज एफुआने भांडी पुसता पुसता विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी घाबरलात, की स्वतःसाठी?"
तुझ्यासाठी, असं तोंडावर आलं होतं. म्हटलं, स्वतःसाठी. माझी मेंटी गप्प उभी राहिली असती तर माझं काय दिसलं असतं, हेच मनात होतं.
तिने मान हलवली. पुढची ताटली घेतली.
मेल गेला. तीन वाक्यं: उत्तर मी दिलं, ते चूक होतं, खरं उत्तर तिच्या कामात पहिल्यापासून आहे. फोल्डर कुठलं ते तिनेच लिहून दिलं.

२३ जून
पॅनेलचं उत्तर: बुधवारी व्हिडिओवर तिला पुन्हा ऐकतो, शब्द देत नाही. पळत जाऊन सांगितलं. तिला आनंद झाला, दिसलं. मग, "आंटी, तुम्ही येऊ नका."
"मी नुसती बसेन, कॅमेरा बंद ठेव—"
"नको."

२५ जून, बुधवार
सुट्टी टाकली होती, घर तिच्यासाठी मोकळं ठेवलं. एजवेअरला जाऊन उगाच भाजी आणली, कोथिंबिरीच्या तीन जुड्या. परत आले तर ती किचनमध्ये चहा करत होती. कॉल तासभर चालला म्हणे. माझ्याबद्दलही विचारलं त्यांनी.
"काय सांगितलंस?"
"खरं."
मी कोथिंबीर निवडायला घेतली.

२९ जून, रविवार
गेली. निकाल उद्या. हीथ्रोला सोडते म्हटलं, तर म्हणाली, ट्यूबने जाईन. इराला विचारलं तिने, येतेस का स्टेशनपर्यंत. दोघी बॅग ओढत गेल्या. दारात मला मिठी मारली, थँक्यू म्हणाली, नीट, मनापासून वाटावं असं.
निकाल कळवशील ना, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. कळवायचा की नाही, ते तिचं तिने ठरवायचं.